वाचनालयाच्या नियामक मंडळाची निवडणूक: नियमांचा मसुदा मंजूर करण्याआधी काय तपासावे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तालुक्याच्या गावातले जुने सार्वजनिक वाचनालय, सुमारे ६४० सभासद, त्यातले बहुतेक आजीव, आणि १५ जणांचे नियामक मंडळ. आजवर वार्षिक सभेत नावे सुचवली जायची, अनुमोदन मिळायचे आणि निवड बिनविरोध व्हायची. यंदा दोन गट समोरासमोर आले, म्हणून सचिवांनी निवडणूक नियमांचा नऊ पानी मसुदा केला. तो पुढच्या सर्वसाधारण सभेपुढे येतो आहे आणि सभासदांकडून लेखी सूचना मागवल्या आहेत. मसुद्यात नेमके काय पाहायचे, हे तुम्ही विचारता आहात.

मी संस्थांची कामे धर्मादाय कार्यालयात चालवतो आणि अशा निवडणुकांत निवडणूक अधिकारी म्हणूनही बसतो. तुमचा मसुदा शेवटपर्यंत वाचला. मेहनत घेतलेली दिसते. पण मतदानाच्या दिवसावर पाच पाने आणि मतदार यादीवर चार ओळी, असा त्याचा तोल आहे. संस्थांची भांडणे नेमकी उलट ठिकाणी होतात. मतपेटीजवळ क्वचित वाद होतो. वाद होतो तो आधीच्या दोन महिन्यांत, यादी कोणी केली, अर्ज कोणी फेटाळला यावरून. म्हणून प्रत्येक कलम वाचताना समजा की तुम्ही ही निवडणूक दोन मतांनी हरलेले उमेदवार आहात. या कलमात तुम्हाला शंका घ्यायला जागा सापडते का? सापडली, तर तिथे पेन्सिलीने खूण करा. जिंकणाऱ्याला कुठलाही नियम चालतो.

सगळ्यात आधी संस्थेची घटना काढा. कार्यालयातली छापील पुस्तिका पुरेशी नाही. धर्मादाय कार्यालयातून प्रमाणित नक्कल घ्या, सोबत शेड्यूल-१ चा, म्हणजे तिथल्या संस्था-नोंदवहीतला, उतारा घ्या. जुन्या संस्थांत हमखास असे होते की पूर्वी कधीतरी सभेत घटनादुरुस्तीचा ठराव झाला, पुस्तिका नव्याने छापली, पण दुरुस्ती नोंदवायला कोणी गेलेच नाही. मग पुस्तिकेत १५ जण आणि नोंदीत ११, असा प्रकार निघतो. तुमचा मसुदा १५ धरून चालला आहे. नोंदीत हा आकडा कोणता आहे, हे आधी बघा.

निवडणूक नियम हे घटनेखालचे पोटनियम असतात. ते घटनेतल्या रिकाम्या जागा भरू शकतात, घटना बदलू शकत नाहीत. मसुद्याच्या कलम २ मध्ये मंडळाची मुदत ‘तीन वर्षे’ लिहिली आहे आणि तुम्ही पाठवलेल्या पुस्तिकेत ती पाच आहे. तीन वर्षे चांगलीच, मला पसंत आहे, पण त्यासाठी घटनादुरुस्तीचा वेगळा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा लागेल, घटनेत सांगितलेल्या मुदतीची नोटीस द्यावी लागेल आणि तिथे लिहिलेले बहुमत मिळवावे लागेल. सभेत कोणीतरी उठून ‘तीन पंचमांश मते लागतात’ म्हणेल. ते संस्था नोंदणी अधिनियम, १८६० च्या कलम १२ मधले आहे आणि ते कलम संस्थेची उद्दिष्टे बदलणे व विलीनीकरण यांविषयी आहे. निवडणूक नियमांना ते लागत नाही. मात्र तुमच्या संस्थेला पूर्वी कधी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ५०अ खाली योजना, म्हणजे कारभाराची ठरवून दिलेली चौकट, मंजूर झाली असेल, तर मंडळाची रचना त्या योजनेप्रमाणे चालते, आणि ती केवळ सभेच्या ठरावाने बदलत नाही.

आता यादी. मसुदा म्हणतो: ‘नियामक मंडळ वेळोवेळी ठरवील असे पात्र सभासद मतदार असतील.’ हे वाक्य काढून टाका. ज्यांची जागा पणाला लागली आहे त्यांनीच मतदार ठरवायचे, हे कुठल्याही हरणाऱ्याला पटणार नाही आणि पटूही नये. १८६० च्या अधिनियमाच्या कलम १५ मध्ये मूळ कसोटी दिलेली आहे: नियमांनुसार दाखल झालेला, वर्गणी भरलेला किंवा सभासद यादीत सही केलेला माणूस, आणि ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली आहे त्याला मत नाही. आजीव सभासदाला वार्षिक वर्गणी नसते, त्यामुळे थकबाकीचे कारण त्याला लावता येत नाही. तुमच्या मसुद्यात सरसकट ‘थकबाकीदार’ असा शब्द आहे. तिथे ‘वार्षिक वर्गणीदार सभासदांपैकी’ असे स्पष्ट घाला.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे अर्हता दिनांक, म्हणजे ज्या तारखेला सभासद असलेल्यालाच मत मिळेल ती तारीख. मसुद्यात ती नाहीच. ती नसली की काय होते ते मी जवळून पाहिले आहे. एका संस्थेत निवडणुकीच्या तोंडावर शेकडो नवे आजीव सभासद झाले. पावतीपुस्तकात सगळ्या पावत्या आर्थिक वर्षाच्या शेवटच्या दिवसाच्या, एकाच हस्ताक्षरात, एकाच शाईत. बँकेच्या पासबुकात मात्र ती रोकड तीन आठवड्यांनी, दोन हप्त्यांत जमा झालेली. त्या लोकांनी पैसे भरले होते, यात शंका नव्हती. प्रश्न होता तो तारखेचा, आणि नियमात तारखेचा पुरावा काय मानायचा हे लिहिलेलेच नव्हते. निवडणूक झाली, निकाल लागला आणि पुढची काही वर्षे संस्था त्या पावतीपुस्तकाभोवतीच अडकली. म्हणून दोन वाक्ये घाला: मतदान जाहीर होण्याच्या किमान १२ महिने आधी सभासदत्व मंजूर झालेले असावे, आणि सभासदत्वाची तारीख म्हणजे रक्कम बँकेत जमा झाल्याची किंवा मंडळाच्या सभेत प्रवेश मंजूर झाल्याची, यांपैकी नंतरची.

यादी तीन टप्प्यांत व्हावी: कच्ची यादी सूचना फलकावर, हरकतींसाठी १५ दिवस, मग अंतिम यादी. अंतिम यादीत मतदानापर्यंत एकही नाव वाढणार किंवा कमी होणार नाही, हेही लिहा. हरकतींचा निर्णय निवडणूक अधिकाऱ्याने लेखी कारणासह द्यावा, सचिवांनी नव्हे. फलकावर नाव, सभासद क्रमांक आणि गाव एवढे पुरे. फोन नंबर आणि पूर्ण पत्ते लावू नका. उमेदवाराला प्रचारासाठी पत्ते हवे असतात, ती मागणी रास्त आहे. सगळ्या उमेदवारांना एकाच दिवशी, सही घेऊन, एकच प्रत द्या. मंडळातल्या उमेदवाराकडे यादी सहा महिने आधीपासून आहे आणि बाहेरच्याला ती आठ दिवस आधी मिळते, हा अन्याय फार जुना आहे आणि तो थांबलाच पाहिजे.

यादीतली आणखी एक बाब, जी लिहिणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. जुन्या आजीव सभासदांत अनेक स्त्रियांची नावे माहेरच्या आडनावाने आहेत आणि आज त्यांच्या ओळखपत्रावर सासरचे आडनाव आहे. मतदानाच्या दिवशी टेबलावर बसलेला स्वयंसेवक ‘नाव जुळत नाही’ म्हणून परत पाठवतो, आणि सत्तरीच्या बाई उन्हातून घरी जातात. नियमात लिहा की नाव बदलले असल्यास सभासद क्रमांक आणि संस्थेचे ओळखपत्र किंवा दोन मतदारांची लेखी ओळख पुरेशी आहे. मृत सभासदांची नावे काढतानाही नुसते ‘वारल्याचे समजते’ चालणार नाही. घरच्यांचे पत्र किंवा दाखला घ्या.

निवडणूक अधिकारी कोण, यावर मसुदा म्हणतो ‘मंडळ नेमील ती व्यक्ती’. तो संस्थेचा सभासद नसावा, कुठल्याही उमेदवाराचा नातलग किंवा संस्थेकडून मानधन घेणारा नसावा, आणि शक्यतो सर्वसाधारण सभेनेच त्याची निवड करावी. निवृत्त न्यायाधीश, निवृत्त तहसीलदार, दुसऱ्या गावचा वकील, असे लोक मिळतात. एकदा नेमल्यावर त्याला काढण्याचा अधिकार मंडळाला नसावा. हे शेवटचे वाक्य विसरू नका.

उमेदवारीच्या कलमांपैकी कलम ९(घ) काढण्यावर मी ठाम आहे: ‘संस्थेविरुद्ध न्यायालयात वा अन्य कार्यालयात तक्रार केलेला सभासद उमेदवारीस अपात्र राहील.’ हे कलम अनेक संस्थांच्या नियमांत एकमेकांवरून उतरलेले असते. ज्याने हिशेब मागितला, ज्याने चुकीच्या खर्चावर बोट ठेवले, त्यालाच ते बाहेर ठेवते. दाद मागणे हा सभासदाचा हक्क आहे, त्याची शिक्षा उमेदवारीतून देता येत नाही. हे कलम पूर्ण वगळा, त्याला सौम्य करण्याच्या भानगडीत पडू नका. ‘संस्थेच्या हिताविरुद्ध वर्तन करणारा’ हेही तसेच सैल आहे. संस्थेच्या पैशाच्या अपहाराबद्दल न्यायालयाने दोषी ठरवलेला, दिवाळखोर, संस्थेचा पगारी नोकर, संस्थेशी चालू कंत्राट असलेला: अपात्रता अशी असावी की कागद दाखवून ती सिद्ध करता येईल.

‘वाचनालयाचे येणे असलेला अपात्र’ हे कलम ठेवा, पण त्याला तारीख द्या. एका वाचनालयात उमेदवाराचा अर्ज एका शब्दकोशापायी फेटाळला गेला. देवघेव नोंदवहीत तो कोश त्यांच्या नावावर कित्येक वर्षे बाकी दिसत होता. प्रत्यक्षात कोश संदर्भ विभागाच्या कपाटात उभा होता. परत घेताना नोंदीवर रेघ ओढायची राहिली होती. म्हणून अर्ज भरायच्या पहिल्या दिवसापूर्वी येणेबाकीची यादी लावा, आणि छाननी सुरू होईपर्यंत पुस्तक परत करण्याची किंवा रक्कम भरण्याची मुभा द्या. छाननीत किरकोळ चुकीवरून, म्हणजे क्रमांकातला एखादा आकडा किंवा सूचकाच्या सहीखाली तारीख नसणे, अशा कारणाने अर्ज फेटाळू नये हेही लिहा. अर्ज मागे घेण्याचे पत्र उमेदवाराने स्वतः हजर राहून द्यावे. दुसऱ्याच्या हाती आलेल्या माघारीच्या पत्रांवरच्या सह्या पुढे नाकारल्या जातात.

मतदान पद्धतीकडे येतो, कारण तुमच्या संस्थेतल्या भांडणाचे मूळ इथेच वाढणार आहे. कलम १७ म्हणते: १५ जागा, प्रत्येक मतदाराला १५ मते, आणि १५ पेक्षा कमी मते दिल्यास मतपत्रिका बाद. हिशेब करून बघा. ४०० जणांनी मतदान केले, २१० एका पॅनेलमागे आणि १९० दुसऱ्यामागे. दोघांनी आपापले पूर्ण पॅनेल चालवले, तर निकाल १५ विरुद्ध शून्य. जवळपास निम्म्या सभासदांचा मंडळात एकही माणूस नाही. त्यातच ‘पंधराच मते द्या’ या सक्तीमुळे ज्याला सात जणच लायक वाटतात त्याला उरलेल्या आठ नावांवर डोळे झाकून शिक्के मारावे लागतात, आणि ती आठ मते अनेकदा त्याच्याच पसंतीच्या माणसाला पाडतात. ही सक्ती काढा. ‘जास्तीत जास्त १५’ असे लिहा.

एवढ्याने १५–० टळत नाही. त्यासाठी आपल्याकडे पद्धती आहेत आणि त्या नव्या नाहीत. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत मुंबई इलाख्यातल्या बहुसदस्यीय मतदारसंघांत मतदाराला जागांइतकी मते होती आणि ती सगळी एकाच उमेदवाराला देण्याची मुभा होती. अल्पसंख्य गटाला आपली ताकद एका माणसामागे उभी करता यावी, म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर या पद्धतीच्या बाजूने होते. दुसरी पद्धत पसंतीक्रमाची, म्हणजे मतदार उमेदवारांपुढे १, २, ३ असे क्रम लिहितो. विधान परिषदेत ती चालते, विद्यापीठांच्या अधिसभेवर पदवीधरांचे प्रतिनिधी निवडतानाही चालते. तिथे वैध मतांना जागा अधिक एक ने भागून, पूर्णांकात एक मिळवून कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारी मते, काढतात. वरच्या उदाहरणात ४०० ला १६ ने भागले की २५, अधिक एक म्हणजे २६. मग २१० वाल्यांना ८ आणि १९० वाल्यांना ७ जागा, हा सरळ निकाल येतो. न्यायाच्या दृष्टीने ही सर्वांत चांगली पद्धत. पण १५ जागांची पसंतीक्रम मोजणी हाताने करायला माहीतगार माणसे लागतात, फेऱ्या रात्रीपर्यंत चालतात, आणि मोजणी समजली नाही की हरणाऱ्याचा विश्वास उडतो. तुमच्या गावात अधिसभेची मोजणी केलेला एखादा निवृत्त प्राध्यापक असेल तर जरूर करा. नसेल तर माझी शिफारस मर्यादित मतांची: जागा १५, मते जास्तीत जास्त १०. मोजणी नेहमीसारखीच सोपी, आणि लहान गटाला साधारण पाच जागा मिळतात. विरोधात बोलणारे पाच जण मंडळात बसले की सभेबाहेरची निम्मी पत्रकबाजी थांबते, हा माझा अनुभव आहे.

दर वर्षी एक तृतीयांश सदस्य निवृत्त करण्याची सूचना तुमच्याकडे कोणीतरी केली आहे. सातत्यासाठी ती बरी वाटते. पण एका वेळी फक्त पाच जागा भरल्या की लहान गटाला शिरकाव आणखी कठीण होतो. तुमच्या परिस्थितीत ती नको. महिलांच्या तीन राखीव जागांबद्दल एकच: राखीव जागा असली तरी स्त्रीला सर्वसाधारण जागेवरही उभे राहता येईल, असे लिहा. नाहीतर तीन हीच कमाल मर्यादा होऊन बसते.

टपाली मतदानाचे कलम मला धोक्याचे वाटते. बाहेरगावच्या सभासदांसाठी ते हवे, हे खरे. पण टपालाने गेलेल्या कोऱ्या मतपत्रिका गोळा करून एका टेबलावर भरल्या जाण्याच्या तक्रारी मोठमोठ्या संस्थांच्या निवडणुकांतही होतात. ठेवायचेच असेल तर मतपत्रिका मागणी अर्ज आल्यावरच पाठवा. पोच मिळेल अशा टपालाने, सभासदाच्या नोंदलेल्या पत्त्यावरच. आत दोन पाकिटे: आतले बिननावाचे, बाहेरच्यात सही केलेले प्रतिज्ञापत्र. प्रतिज्ञापत्रावरील सही मूळ सभासद अर्जावरील सहीशी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर ताडून, मगच आतले पाकीट पेटीत. आणि पाकिटे वाचनालयाच्या पत्त्यावर नकोत. निवडणूक अधिकाऱ्याच्या नावे पोस्ट बॉक्स घ्या. हाती आणून दिलेली पाकिटे स्वीकारू नयेत.

समान मते पडली तर ‘ईश्वरचिठ्ठी’ एवढाच शब्द मसुद्यात आहे. तो अपुरा आहे. २०१७ मध्ये मुंबई महापालिकेच्या प्रभाग २२० मध्ये अतुल शाह आणि सुरेंद्र बागलकर यांना सारखी मते पडली, चिठ्ठी काढली आणि ज्यांचे नाव निघाले ते शाह विजयी झाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या राज्यसभेच्या जागेवर ३४–३४ अशी बरोबरी झाली. तिथे चिठ्ठीत अभिषेक मनु सिंघवी यांचे नाव निघाले आणि ते हरले, कारण तिथे निघालेले नाव बाद धरले गेले. सिंघवी पुढे न्यायालयात गेले. तेव्हा ‘ज्याची चिठ्ठी निघेल त्याला एक मत जास्त मिळाले असे समजावे’ हे अक्षरशः लिहा, आणि चिठ्ठी कोण काढणार, कोणाच्या हजेरीत, तेही.

कलम २३ प्रमाणे मतपत्रिका निकालानंतर ३० दिवसांनी नष्ट करायच्या आहेत. ही मसुद्यातली सर्वांत घातक ओळ आहे आणि बहुधा ती नकळत आली असावी. मंडळ बदलल्याचा चेंज रिपोर्ट महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात द्यायचा असतो. म्हणजे त्या रिपोर्टवर हरकत घ्यायची वेळ येण्याआधीच पुरावा जळून जाणार. मतपत्रिका, टपाली पाकिटे, सही केलेली मतदार यादी आणि मोजणीचे तक्ते सीलबंद करून, चेंज रिपोर्टचा आणि त्यावरील अपिलाचा निकाल लागेपर्यंत ठेवा. सील निवडणूक अधिकाऱ्याचे आणि दोन्ही बाजूंच्या सह्यांचे.

चेंज रिपोर्ट कोणी द्यायचा, हेही लिहिलेले नाही. जुने सचिव म्हणतात आता आमचा संबंध नाही, नवे म्हणतात कागद तुमच्याकडे आहेत, आणि ९० दिवस निघून जातात. नवनिर्वाचित सचिवावर ही जबाबदारी टाका आणि जुन्या मंडळाने सात दिवसांत दफ्तर सुपूर्द करावे असे कलम घाला. त्यात इतिवृत्त वही, पावतीपुस्तके वापरलेली व कोरी, पासबुक, चेकबुक, पुस्तकांची दाखल नोंदवही, शिक्के, किल्ल्या आणि शासकीय अनुदानाची फाईल यांची नावानिशी यादी द्या. निवडणूक वेळेत झाली नाही तर जुने मंडळ फक्त पगार, वीजबिल आणि दैनंदिन खर्च पाहील. नवे सभासद घेणे, नोकरभरती, जागेचे करार करणार नाही, हेही याच कलमात बसवा.

स्वीकृत सदस्य दोनपेक्षा जास्त नकोत, आणि पदाधिकाऱ्यांच्या निवडीत त्यांना मत नको. मुदतीत रिकामी झालेली जागा मंडळाने भरावी, पण उरलेल्या मुदतीपुरतीच. निवडणूक कार्यक्रम जाहीर झाल्यावर मतदानापर्यंत या नियमांत बदल करता येणार नाही, हे अखेरचे कलम म्हणून येऊ द्या.

सूचना देताना नुसता आक्षेप लिहू नका. डावीकडे मसुद्यातले वाक्य, उजवीकडे तुमचे पर्यायी वाक्य, असा तक्ता करा. सभेत तो वाचून लगेच मतास टाकता येतो. पोच घ्या, आणि सूचना इतिवृत्तात नोंदवायला सांगा. वेळ कमी पडली आणि सगळे एका सभेत होत नसेल, तर अर्हता दिनांक, कलम ९(घ) वगळणे आणि मतपत्रिका जपून ठेवणे या तिन्हींवर अडून बसा. मर्यादित मतांवर चर्चा लांबेल. त्यासाठी सभा तहकूब करून पुन्हा बोलवावी लागली तरी हरकत नाही. स्वीकृत सदस्यांचे कलम पुढच्या वर्षावर गेले तरी काही बिघडत नाही.